आशय एकमताने मान्य

नागिउरा,
२ मार्च

प्रिय कायोताई,

तुझ्या धाकट्या मावसबहिणीचा वाकून नमस्कार. इकडे प्लमची झाडं फुलली आहेत, पण समुद्रावरचा वारा अजून कान कापून नेतो आहे. तुझी मान कशी आहे? नव्या वर्षाच्या कार्डावर तू 'मान धरली आहे' एवढंच लिहिलं होतंस, कोणत्या बाजूला धरली ते लिहिलं नव्हतंस. त्यामुळे बाबांनी दोन्ही बाजूंची काळजी केली. ओसाकात म्हणे सगळे दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतात. तू मधूनमधून उठून खिडकीतून लांबवर बघत जा. (लांबवर बघण्यासारखं काही नसेल तर उत्तरेकडे बघ, आम्ही तिकडेच आहोत.)

मी मजेत आहे. हे मुद्दाम सांगते, कारण फोनवर तू पहिलाच प्रश्न विचारतेस, "एकटी पडलीस का गं?" आणि मी उत्तर देण्याआधी तुला दुसरा फोन येतो. तर उत्तर असं, की मुळीच नाही. आठवड्यातून तीन दिवस ग्रंथालयाची नोकरी आणि चार दिवस समाजकार्य. बाबा पहाटे टोफूसाठी सोयाबीन दळायला उठतात म्हणून संध्याकाळी सातला झोपतात. मग जेवताना मी रेडिओशी बोलते. रेडिओला दुसरा फोन येत नाही.

तर समाजकार्याविषयी. आपलं स्टेशन पाडणार आहेत. तू गेलीस तेव्हा खिडकीत स्टेशनमास्तर तरी बसायचे. नऊ वर्षांपासून तिथे कोणीच नाही, गाड्या दिवसाला पाच, आणि रेल्वे कंपनीने ती लाकडी इमारत नगरपालिकेला देऊन टाकली आहे. नगरपालिकेचं धोरण असं, की लोकसंख्या जेवढी, तेवढ्याच आकाराच्या सोयी. म्हणून स्टेशनच्या जागी तीन भिंतींचा एक आडोसा आणि शीतपेयांचं एक यंत्र येणार. (चौथी भिंत लोकसंख्येत बसली नाही.) आणि इमारतीबरोबर तो निरोपाचा फळाही जाणार. तोच, तिकीट-खिडकीच्या डावीकडचा, ज्याच्या डोक्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं आहे, 'निरोप सहा तासांनी पुसले जातील'. पूर्वी सगळ्या स्टेशनांवर असे फळे होते, मोबाइल आले आणि ते गेले. आपला राहिला, कारण काढायला कोणी आलंच नाही.

ताई, तुला ठाऊक आहे, आपल्या घरात पदवी घेणारी मी पहिली. माझ्या प्रबंधाचा विषयच 'लहान गावांच्या कारभारात लोकांचा सहभाग' असा होता. मग हे मी बघत बसणार होते का? मी निवेदन लिहिलं. अकरा पानं, त्रेचाळीस तळटीपा. ते आपल्या आळीच्या मंडळाचे अध्यक्ष तोबेकाका यांना दाखवलं. त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि उरलेली दहा पानं अदबीने माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "मिनोरी, लोकांना वाचायला लावू नकोस गं, सही करायला लाव." आणि ते एक पान त्यांनी घरोघर फिरणाऱ्या पाटीला अडकवून दिलं.

पाटीची तुला आठवण असेलच. या घरातून त्या घरात जाते, प्रत्येकाने बघितल्याची खूण म्हणून आपल्या नावाच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारात ठेवायची. नऊ दिवसांनी पाटी परत आली, तर दोनशे चौदा शिक्के! एकही चौकोन रिकामा नाही! मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. बाबांना म्हटलं, बघा, लोकांना फक्त विचारावं लागतं. बाबांनी त्या दिवशी आनंदाच्या प्रसंगी करतात तो, अझुकीचे दाणे घातलेला लाल भात केला. (मी पदवी घेऊन आले तेव्हाही केला होता. त्या दिवशीही आम्ही दोघंच होतो आणि भात सहा जणांना पुरेल एवढा होता.)

लाल भात दुसऱ्या दिवशी गरम करताना मी पाटी नीट बघितली. तोबेकाकांनी तिला आणखी तीन कागद अडकवले होते. एक गटारसफाईचा, एक उंदरांच्या औषधाचा, आणि एक दुकानदार मंडळाचं निवेदन, की स्टेशन लवकरात लवकर पाडून तिथे गाड्या लावायला जागा करावी. गटारसफाईवर दोनशे चौदा शिक्के. उंदरांच्या औषधावर दोनशे चौदा. दुकानदारांच्या निवेदनावर दोनशे चौदा. तेच शिक्के, त्याच क्रमाने, एका घरचा उलटा मारलेला शिक्का चारही कागदांवर उलटाच. आणि माझ्या निवेदनाखाली, जिथे 'आपले विचार लिहा' म्हणून मी रेघा आखल्या होत्या, तिथे एकच विचार होता: 'दोन पुड्या पाठवा, मागच्या वेळी एक पुरली नाही.'

मी तोबेकाकांकडे गेले. म्हटलं, काका, तुम्ही माझ्या निवेदनाला त्याच्याच विरोधातलं निवेदन जोडलंत? ते म्हणाले, "अगं, मी अध्यक्ष आहे. तुझं लावलं आणि त्यांचं नाही लावलं तर पक्षपात नाही का होणार?" यावर माझ्या प्रबंधात काही उत्तर नव्हतं.

नगरपालिकेत ओनुकी नावाचा एक तरुण कारकून आहे. इतका सभ्य, की त्याने माझे दोनशे चौदा शिक्के रद्द करताना मला तीन वेळा वाकून नमस्कार केला. म्हणाला, शिक्का म्हणजे बघितलं, पाठिंबा नव्हे. नाव आणि पत्ता ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला हवा. (मी घरी येऊन माझ्या प्रबंधात शोधलं. पान सत्तावन्नवर मीच तसं लिहिलं होतं.)

मग मी दारोदार फिरले. जानेवारीत, ताई, बर्फातून. गावात नाही कोणी म्हणतच नाही, हे मला आधी फार आशादायक वाटलं होतं. "वा, किती छान काम करतेस!" असं म्हणून आत बोलावतात, चहा देतात, मुळ्याचं लोणचं देतात, 'विचार करते हं' म्हणतात आणि दारापर्यंत सोडायला येतात. पहिल्या आठवड्यात मी चौतीस घरी चहा प्यायले आणि सहा सह्या मिळवल्या. तीन ठिकाणी माझ्या लग्नाचा विषय निघाला. एका घरी मुलाचा फोटोही दाखवला. मुलगा बरा होता, पण तो ब्राझीलमध्ये होता आणि फोटोत त्याच्या कडेवर त्याचं मूल होतं. आजी म्हणाल्या, "हो गं, त्याचं झालंय, पण बघायला काय जातंय?" मला वाटतं त्यांना तो फोटो कोणाला तरी दाखवायचा होता. मी पाऊण तास बघितला.

दुसऱ्या आठवड्यापासून सह्या येऊ लागल्या, कारण मी परत परत येते आहे हे लोकांच्या लक्षात आलं आणि त्यांना माझ्या बुटांची दया आली. एकशे त्रेसष्ट झाल्या! मी त्या ओनुकीकडे नेल्या. त्याने पट्टी आणि लाल पेन्सिल काढली आणि आधीच एक नमस्कार करून ठेवला. आपल्याकडची सवय तुला माहीत आहे. घरातला कर्ता पूर्ण पत्ता लिहितो आणि बाकीचे त्याखाली 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन बारीक रेघा मारतात. तशा रेघा चालत नाहीत. प्रत्येकाने पूर्ण पत्ता लिहायला हवा. पंच्याहत्तर सह्या दोन बारीक रेघांपायी गेल्या. मग एकाच अक्षरात अख्ख्या कुटुंबाची नावं लिहिलेल्या गेल्या. मग केशकर्तनालयाच्या नेझूकाकूंनी आपल्या यजमानांची केलेली सही गेली, कारण यजमानांना जाऊन चार वर्षं झाली आहेत. (मी काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना ते स्टेशन फार आवडायचं. मी विचारलं त्यांना, देवघरापाशी बसून. नाही म्हणाले नाहीत." गावाच्या रीतीने बघितलं तर ही सही सगळ्यात खरी होती.) शेवटी उरल्या एक्केचाळीस.

दुकानदारांच्या निवेदनाचीही अशीच छाननी झाली आणि त्यांच्याही एक्केचाळीसच उरल्या. ती तीच माणसं होती, ताई. पूर्ण पत्ता लिहिणारी माणसं गावात एक्केचाळीस आहेत, आणि ती दोन्हीकडे पूर्ण पत्ता लिहितात. मी नेझूकाकूंना जाब विचारायला गेले. त्या कोणाचे तरी केस धुवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू दारात थंडीत उभी राहिलीस, तुला नाही म्हणू? ते आले, तेही थंडीतच उभे होते. मी सगळ्यांचं मन राखलं. आता इमारत राखायची का नाही ते सभेने बघावं. सगळं मीच करू का?"

आपल्या घरचं म्हणशील तर बाबांनी दोन्हींपैकी कुठेच सही केली नाही. पाटीवरही आपला शिक्का मीच मारला होता, चारही कागदांवर, न वाचता. म्हणाले, "मी टोफू विकतो. टोफू दोन्हीकडचे खातात." आणि मग, "पदवी घेतलीस ती दारोदार फिरायला? दारोदार फिरायला मी होतोच की." मला राग आला. आम्ही तीन दिवस बोललो नाही. (एरवीही फारसं बोलत नाही, त्यामुळे हे त्यांच्या लक्षात आलं की नाही ते सांगता येत नाही.)

आता फळ्याकडे येते. समान सह्यांमुळे नगरसभेची समिती पेचात पडली आणि तिने ठरवलं, की प्रत्यक्ष पाहणी करायची. ओनुकीने मला सांगितलं, फळा वारसा म्हणून राखायचा तर तो 'वापरात' आहे का ते बघतील. पाहणीला तीन आठवडे होते आणि फळा कोरा होता. (अगदी कोरा नव्हता, पण ते पुढे.)

मी प्रामाणिक मुलगी आहे हे तू जाणतेस. शाळेत मी चुकून जास्त मिळालेले दोन गुण परत केले होते. पण मी खडू घेतला आणि डाव्या हाताने लिहिलं, 'चार बाराच्या गाडीपर्यंत थांबले होते. ओफुमी.' दुसऱ्या दिवशी उजव्या हाताने, 'माफ कर, गाडी चुकली. उद्या येतो. गोरो.' उद्या गोरो आला नाही. मला त्याला आणायचं होतं, खरंच, पण लिहायला बसलं की तो येईना. ओफुमी रोज थांबायची. 'आज छत्री आणली आहे, तुझ्यासाठीही.' 'आज थांबणार नव्हते, पण इकडून जात होते.' सहा तास झाले की नियमाप्रमाणे मी स्वतः पुसायची आणि नवीन लिहायची.

पाचव्या दिवशी तोबेकाका मला बाजारात भेटले आणि हळूच म्हणाले, "हा गोरो कोण? शेजारच्या गावचा का?" आठव्या दिवशी स्टेशनवर चार जण उभे होते, आणि गाडीला अजून दोन तास होते. कोणी म्हणे ओफुमी म्हणजे मासळीबाजारातली, कोणी म्हणे नाही, तिचं तर लग्न झालंय. दहाव्या दिवशी ओफुमीच्या निरोपाखाली नेझूकाकूंचं ठसठशीत अक्षर: 'त्याचा नाद सोड. असल्यांचे केस मी तीस वर्षं कापतेय.' त्याखाली कोणीतरी: 'मुलाला एक संधी द्यावी.' त्याखाली: 'बाकावर उशी ठेवली आहे, थांबणाऱ्यांनी वापरावी.' उशी खरंच होती! ताई, मी लगेच कबूल करायला हवं होतं, पण फळा वापरात आला होता. लोक यायचे, वाचायचे, खडू मागायचे, त्या बाकावर बसून भांडायचे. अख्खं गाव ओफुमीच्या वाट बघण्याची वाट बघायला लागलं. मी त्यांच्यात मागे उभी असायची. मला कोणी काही विचारलं नाही. तीन आठवड्यांत ओफुमीला सव्वीस निरोप आले. (मी मोजले. मिनोरीला किती आले ते मोजायला वेळ लागला नाही.)

पाहणीच्या दिवशी समितीचे अध्यक्ष मोमोसे आले. म्हातारे गृहस्थ, टोपी हातात धरलेली. पूर्ण फळा वाचला. ओफुमीपाशी आले तेव्हा मला राहवलं नाही आणि मी सांगून टाकलं, की हे दोघं माझे आहेत, डावा हात आणि उजवा हात. मागे जमलेल्या लोकांतून नेझूकाकू ओरडल्या, "म्हणजे तू त्या पोरीला तीन आठवडे उगाच थंडीत उभी केलीस?" तोबेकाका जमिनीकडे बघत होते. मोमोसे नुसते हूं म्हणाले आणि वाकून फळ्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे बघू लागले. तिथे लिहिलं आहे, 'पुढे जाते. कायो.'

"हाही तुझाच का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं. तो माझ्या ताईचा आहे, मावसबहीण, पण आमच्याच घरी वाढलेली. ती बारा वर्षांपूर्वी ओसाकाला गेली, मी निरोप द्यायला यायचं नाही म्हणून रुसून वरच्या खोलीत बसले होते. मग धावत आले तेव्हा गाडी गेली होती आणि हे होतं. ती हायस्कूलमध्ये असताना आम्ही असंच लिहायचो. जी आधी पोचेल तिने लिहायचं, 'पुढे जाते', आणि दुसरीने धावत गाठायचं.

"बारा वर्षं खडू टिकत नाही," मोमोसे म्हणाले. "आणि वर सहा तासांचा नियम आहे."

तेव्हा मला कबूल करावं लागलं, की पुसट झालं की मी त्यावरून खडू फिरवते, तुझ्याच वळणावरून, रेघ इकडची तिकडे होऊ न देता. मोमोसे म्हणाले, "पण मधली चार वर्षं तू कॉलेजला होतीस ना? सुट्टीला तरी यायचीस का?" मी येत नव्हते. सुट्टीत मी तिकडेच दुकानात काम करायची. चार वर्षांनी आले तेव्हा अक्षर तसंच होतं, आणि इतकी शिकलेली मी, मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

तोबेकाका खाकरले. "तिचे बाबा," ते म्हणाले. "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, टोफूची फेरी संपली की. मला वाटलं हिला माहीत असेल."

बाबा त्या वेळी तिथे नव्हते. टोफू विकत होते.

समितीचा निकाल गेल्या मंगळवारी लागला. माझं निवेदन फेटाळलं नाही. नगरसभेत एक तिसरा प्रकार असतो, 'आशय मान्य'. म्हणजे तुमचं म्हणणं आम्हांला मनापासून पटतं, पण त्याप्रमाणे काही करता येणार नाही. सगळ्या सदस्यांनी हात वर केले. आशय एकमताने मान्य झाला. दुकानदारांचाही आशय मान्य झाला, पण त्यांच्या मागणीसाठी अंदाजपत्रकात आधीच तरतूद होती. आडोशात फळ्याचा रंगीत फोटो लावतील. ओनुकीने हे सांगताना केलेला नमस्कार इतका लांबला, की मीच त्याला उठा म्हटलं.

मी निराश नाही. लोकसहभागाची ही सुरुवात आहे. निवेदन हरलं तरी माणसं एकत्र आली, असं मी अहवालात लिहिलं आहे. (निकालानंतर स्टेशनवर कोणी येत नाही. उशी नेझूकाकू घेऊन गेल्या.)

बाकी सर्व ठीक. मानेला गरम कपडा बांधत जा. तिकडच्या मैत्रिणींना माझा नमस्कार सांग, असतील तर.

तुझीच,
मिनोरी

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. तुझ्याकडे माझी निळी छत्री आहे का? नसेल तर हरकत नाही.

ता. क. दुसरा. छत्रीचं मी उगाच लिहिलं, ती इथे दाराशीच आहे. स्टेशन अठ्ठावीस तारखेला पाडणार आहेत. त्याआधीच्या रविवारी तू चार बाराच्या गाडीने येऊ शकशील का? मी स्टेशनवर नसेन, मला अहवालाचं काम आहे. फळ्यावर निरोप ठेवीन.

ता. क. तिसरा. बाबांना मी काही सांगितलेलं नाही. पण त्यांनी या आठवड्यात तीनदा विचारलं, की कायोला तळलेला टोफू अजून आवडत असेल का. तू जाताना त्यांनी तुला काय काय सुनावलं ते मला आठवतं, तुला तर आठवत असेलच. आज महिन्याचा पहिला रविवार. ते फेरीहून अर्धा तास उशिरा आले आणि बाहीला खडू होता. मी बाही झटकून दिली. 

ता. क. शेवटचा. अहवालाचं काम नाही. मी तीन वाजल्यापासून तिथेच असेन. तुझ्या कार्डावर दर वर्षी खाली लिहिलेलं असतं, 'एकदा नक्की भेटू या'. बारा कार्डं झाली. ताई, या वेळी आशय मान्य असं कळवू नकोस. येतेस की नाही, तेवढंच लिही.